उसात शिरलेला इग्वाना

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळची शाळा करून साडेबाराला घरी आले, जुना पंजाबी ड्रेस चढवला आणि पिंजरा धुवायला काढला. हे दर शनिवारचं काम. इग्वानाची घाण वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. ती खरवडायला मी गवंड्याची एक जुनी थापी ठेवली आहे. पिंजरा सहा फूट उंच, बारामतीला अँगल आणि जाळी लावून करून घेतलेला. करणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत होतं, की बाई कोंबड्या पाळणार.

मी कळंबच्या अलीकडे राहते आणि चार किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इग्वाना मी हौसेनं आणला नव्हता. पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं वीतभर पिल्लू घेतलं, दोन वर्षांत ते तिच्या हाताएवढं लांब झालं आणि घरमालकानं तिला सांगितलं, ते तरी राहील नाहीतर तू तरी. भाची फोनवर रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, आणून टाक इकडे. उशीच्या अभ्र्यात घालून आणला. परदेशी प्राणी म्हणून त्याची ऑनलाइन नोंद केली, कागद फाइलला लावला. नाव ठेवलं नाही. हाक मारून येणारं जनावर नव्हतं ते.

गरीबही नव्हतं. वर्षातले आठ महिने तो जास्वंदीची पानं, शेवग्याचा पाला आणि भोपळा खाऊन उन्हात पडून असायचा. थंडी पडली की नर माजावर येतो. अंगावर केशरी रंग चढतो, गळ्याखालची झोळी फुगते आणि समोर येईल ते त्याला शत्रू वाटतं. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं माझा डावा हात मनगटाच्या वर धरला. इग्वानाचे दात करवतीच्या पात्यासारखे असतात. हात झटकला तर मांस निघून येणार हे मला माहीत होतं, म्हणून झटकला नाही. त्याच्यासकट हात पाण्याच्या पिंपात घातला आणि तो सोडेपर्यंत उभी राहिले. पाणी लाल झालं. इंदापूरला जाऊन सात टाके घालून घेतले. नवरा दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाला, "माझ्याशी भांडताना एवढा धीर धरत नाहीस."

दुसऱ्या हिवाळ्यात शेपटीचा फटका गालावर बसला. वेताची छडी ओढावी तसा वळ उठला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दोघीजणींनी मला बाजूला घेतलं आणि घरी सगळं ठीक आहे ना असं हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. नंतर कितीतरी दिवस त्या माझ्या नवऱ्याशी नीट बोलत नव्हत्या.

शाळेतही जनावरांशी गाठ पडायचीच. शाळेच्या तिन्ही बाजूंनी ऊस आहे, त्यामुळे पाऊस लागला की साप आत येतात. मी नोकरीला लागले तेव्हा साप निघाला की शिपाई लोखंडी गज घेऊन धावायचा, दोन शिक्षक त्याच्या मागं, आणि मुलं बाकांवर चढून ओरडायची. एकदा मुलींच्या स्वच्छतागृहात बिनविषारी तस्कर सापाचा इतका चेंदामेंदा केला, की भिंत दोनदा चुन्यानं रंगवावी लागली. भिंतीकडे बघून सातवीतल्या मुली तिथं जायच्या थांबल्या आणि दिवसभर पाणी पिईनाशा झाल्या. तेव्हा मी साप धरायला शिकले. प्रेम वगैरे नव्हतं, भिंती रंगवायचा कंटाळा आला होता. आता साप निघाला की मला वर्गातून बोलावतात. मी धरते, बरणीत घालते आणि वनखात्याच्या माणसाला फोन करते.

जुलै-ऑगस्टमध्ये, तो शांत असताना, मी इग्वानाला नववीच्या वर्गात न्यायची. सरपटणारे प्राणी हा धडा. मुलं रांगेनं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायची. मी विचारायची, हा विषारी आहे का? सगळा वर्ग एका सुरात नाही म्हणायचा. घोरपडीच्या फुंकरीनं माणूस लुळा पडतो आणि तिच्या तेलानं सांधे सुटतात, हे दोन्ही खोटं आहे, हेही त्याच तासाला वहीत उतरवून घ्यायची. मुलांवर मी हात उचलत नाही. तशी वेळच येत नाही, माझा आवाज पुरेसा आहे.

त्या शनिवारी त्याला पेरूच्या झाडाला बांधला होता. नेहमीची सुती दोरी धुवून वाळत घातली होती, म्हणून सुतळी वापरली. फेब्रुवारी असल्यानं तो अजून माजावर होता, अंगाचा रंग विटकरी झालेला. मी थापीनं तळ खरवडत होते. तेवढ्यात मागच्या कुंपणाच्या भिंतीवर ऊसतोड करणाऱ्यांचं एक कुत्रं चढलं आणि भुंकलं. तो उसळला. सुतळी तुटली. फरशीवरून भिंतीवर, भिंतीवरून पलीकडे, सगळं मिळून पाच सेकंद लागले असतील. मी भिंतीशी पोचले तेव्हा तो तोडलेल्या उसाच्या पाचटावरून धावत उभ्या उसात शिरत होता.

भिंतीपलीकडचं शेत शेजारच्या आबांचं. दोन एकर ऊस, आणि दोन दिवसांपासून तोड चालू होती. टोळी मराठवाड्यातली, नऊ कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोचं एक जोडपं. सकाळी शाळेला जाताना मी बघितलं तेव्हा अर्धं शेत उभं होतं. आता मधे आठ-दहा गुंठे उरले होते.

याचा अर्थ काय ते इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडे बरेचदा तोड कडेनं आत येते. चारी बाजू मोकळ्या होत जातात आणि शेतात जे काही जिवंत असेल ते मधल्या उसात सरकत राहतं. अगदी थोडा तुकडा उरला की कोयते थांबतात. बायका मोळ्या टाकून बांधावर होतात, पुरुष काठ्या घेऊन कडं करतात, कुत्री मोकळी सोडतात. मग दोघंजण एका अंगानं पत्रा वाजवत, ढेकळं मारत आत शिरतात. ससा निघतो, तितर निघतात, कधी रानडुकराची पिल्लं निघतात. निघेल ते त्या दिवशीचं कालवण. बघायला गावातूनही लोक येतात. आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा.

मी भिंतीला वळसा घालून गेले. हातात उशीचा अभ्रा आणि जाड हातमोजे. मुकादमाला गाठलं. पन्नाशीचा, सडसडीत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस. त्याला म्हटलं, माझं एक जनावर उसात गेलंय, तासभर तोड थांबवा, मी आत जाऊन धरते. तो वाईट बोलला नाही. म्हणाला, दोन ट्रॉल्या उभ्या आहेत, कारखान्यावर नंबर आजचा आहे, तासानं तो जाईल. आणि उभ्या उसात शिरून तुम्हाला ते दिसणारही नाही. ते त्याचं खरं होतं. आत हातभर लांबचं दिसत नाही आणि पाती चेहरा कापतात.

मग त्यानं विचारलं, काय जनावर आहे.

मी क्षणभर विचार केला. निरुपद्रवी आहे, पाला खातो, चार फुटांचा आहे, असं सांगितलं तर ती सरळसरळ घोरपडच झाली. पाला खाणारी म्हणजे उलट स्वच्छ. नऊ जोडप्यांना एक वेळचं मटण. भीती घातली तर लांब राहतील आणि मला बोलावतील, असा मी हिशेब केला. इतकी वर्षं या लोकांत राहून केलेला हिशेब.

"परदेशी आहे," मी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भयंकर विषारी आहे. नुसतं नख लागलं तरी माणूस तासाभरात जातो. कुणी जवळ जायचं नाही. दिसला की मला हाक मारायची."

कोयते थांबले. एका बाईनं पाळण्यातलं पोर उचलून कडेवर घेतलं. माझं काम झालं असं मला वाटलं.

आबांची नात चहाची किटली घेऊन बांधावर उभी होती. नववीत माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर. फळ्यावर माझं काही चुकलं तर हात वर करून सांगणारी. आताही तिनं सवयीनं हात वर केला.

"बाई, इग्वाना विषारी नसतो. तुमीच शिकवलंय."

मी तिला गप्प बस म्हणाले.

"वहीत लिवलंय, बाई. आणि मी हात पण लावला हुता त्याला. मला कुठं काय झालं?"

मुकादम हसला. काठी घेतलेला एकजण दोन पावलं पुढं आला. माझ्या मनात एवढंच होतं, की ही अजून एक वाक्य बोलली तर संपलं. मी तिच्यापाशी गेले आणि तिच्या कानाखाली मारली. पूर्ण हातानं. किटली खाली पडली, चहा पाचटात गेला. चोवीस वर्षांच्या नोकरीतली ती पहिली.

आबा ट्रॉलीला टेकून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "द्या बाई, आणखी एक द्या. लई शानी झालीया."

पोरगी रडली नाही. तिनं किटली उचलली, झाकण शोधलं, ते पुसून किटलीला लावलं आणि घराकडं गेली. मी तिच्या पाठीकडं फार वेळ बघितलं नाही. ऊस कमी होत होता.

पाऊण तासात चार गुंठे उरले. पुरुषांनी कडं केलं. मी पश्चिमेच्या बाजूला उभी राहिले, कारण दुपारचं ऊन त्या बाजूनं चांगलं होतं आणि गारठलेला सरडा उन्हाकडं येईल असा माझा अंदाज. पत्रा वाजायला लागला. पहिल्यांदा ससा निघाला. तीन कुत्री त्याच्यावर एकदम पडली आणि त्यातल्या दोन कुत्र्यांनी तो मधोमध ताणला. ससा ओरडतो हे पुष्कळांना माहीत नसतं. बारीक पोरासारखा ओरडतो. एकानं कुत्र्यांच्या तोंडातून उरलेला सोडवून घेतला. मग सात फुटी धामण निघाली. मी बिनविषारी म्हणून ओरडेपर्यंत तिचे कोयत्यानं तीन तुकडे झाले होते आणि तिन्ही हलत होते. माझ्या ओरडण्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. ज्या बाईनं तासापूर्वी एक जनावर विषारी ठरवलं, तिचं दुसऱ्याबद्दल कोण ऐकणार.

तो पूर्वेनं निघाला. माझ्या बरोबर उलट बाजूनं.

मला हाक कुणी मारली नाही. आवाज झाला एवढंच. मी तुकड्याला वळसा घालून धावले. खोडक्यांतून धावता येत नाही, तोडलेल्या उसाची बुडखं भाल्यासारखी उभी असतात. एक माझ्या चपलेतून तळव्यात गेलं. पोचले तेव्हा तो उघड्यावर होता, चारी पायांवर उंच झालेला, तोंड उघडं, झोळी फुगलेली. त्याला पळायचं नव्हतं. त्या दिवसांत तो पळत नाही. एका कुत्र्यानं झेप घेतली तेव्हा त्यानं शेपटी अशी फिरवली, की कुत्र्याचा डोळा फुटला आणि ते केकाटत गोल फिरायला लागलं. त्यानं लोकांची खात्रीच पटली.

जवळ कुणी गेलं नाही. मी सांगितलं होतं तसंच सगळे लांब राहिले. लांबूनच दगड सुरू झाले. बांधावरचे दगड, वाळलेली ढेकळं, उसाची कांडी. एकानं कोयता बांबूला टॉवेलनं बांधला आणि लांबूनच मारला. तो पाठीत बसला. मी मधे शिरायला गेले तर दोन बायकांनी मला मागून धरलं. त्यांना मला वाचवायचं होतं. नका जाऊ, बाई, नख लागंल, असं त्या सारखं म्हणत होत्या. मी एकीच्या हाताला चावले. तिनं तरी सोडलं नाही.

सोडलं तेव्हा तो उलटा पडला होता. कंबरेखाली काही उरलं नव्हतं, पण पुढचे पाय चालत होते आणि तोंड उघडत-मिटत होतं. सरपटणारं जनावर लवकर मरत नाही. डोकं तुटलं तरी काळीज तासभर चालतं. हे मीच शिकवते. मी एकाच्या हातातला कोयता मागितला. त्यानं दिला. गुडघ्यावर बसून, त्याचं डोकं ढेकळावर ठेवून दोन घावांत मेंदू फोडला. हातमोजा घातला नव्हता. उघड्या हातानं त्याला धरलं हे सगळ्यांनी बघितलं.

मुकादम जवळ आला. माझ्या हाताकडं बघत राहिला. नखाचे दोन लांब ओरखडे होते, रक्त येत होतं. नख लागल्यावर मी मरते का, हे तो बघत असावा. मग त्यानं विचारलं, "इखारी नव्हता व्हय?"

मी नव्हता म्हणाले.

"मग असं का सांगितलं?"

"तुम्ही खाल म्हणून."

त्यानं टॉवेल सोडून तोंड पुसलं. रागावला नव्हता. समजावल्यासारखं बोलला. "बाई, खायाची असती तर जित्ती धरली असती. घोरपड कोन जाग्यावर मारतंय? शेपटीला धरायची, तिच्याच शेपटीनं पाय बांधायचं आन कोपीत निऊन टाकायची. दोन-दोन दिस जित्ती ऱ्हाती. तुमी यिऊन मागितली असती, दिली असती. इखारी म्हनल्यावर हात कोन लावतंय?"

चोवीस वर्षं मी घोरपडीबद्दल शिकवत होते. तिची जीभ, तिची अंडी, तिला कायद्यानं असलेलं संरक्षण. ती जिवंत धरून नेतात, हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. नववीतली पोरगी बोलत होती ते दोन मिनिटं चालू दिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या पाचटाच्या झोपडीसमोर, कोपीसमोर, बांधलेला, फार तर कुणाचं एखादं बोट फोडून, पण जिवंत मिळाला असता.

अभ्र्यात भरून घरी आणला. तळव्यात मोडलेला उसाचा तुकडा चिमट्यानं काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. नवरा बारामतीहून दुकान बंद करून सहाला आला. त्याला सगळं सांगितलं, पोरीला मारल्याचंसुद्धा. या प्राण्यावर तो इतकी वर्षं विनोद करत आला होता. त्या संध्याकाळी एकही केला नाही. पहार घेऊन पेरूच्या मागं खड्डा खणला. फक्त, "त्या पोरीचं काय करणार?" एवढं त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सात वाजता मी आबांच्या दारात गेले. आबा धारेच्या बादल्या मोजून डेअरीच्या गाडीत चढवत होते, सून अंगण झाडत होती. नातीला बाहेर बोलवा म्हटलं. ती आली. गालावर बोटं अजून दिसत होती. सगळ्यांसमोर सांगितलं, की काल ही खरं बोलली, मी खोटं बोलले आणि खोटं टिकावं म्हणून हिला मारलं. हिला बोलू दिलं असतं तर जनावर वाचलं असतं. उद्या शाळेत मुख्याध्यापकांना हेच लिहून देणार आहे.

आबांना ते आवडलं नाही. एवढ्याशा थोबाडीसाठी बाईंनी दारात येऊन असं बोलावं, यानं त्यांनाच संकोच झाल्यासारखा दिसला. पोरांना धाक नको का, असं काहीतरी ते पुटपुटले. सून झाडू घेऊन उभीच राहिली.

पोरगी म्हणाली, "त्या लोकांना सांगितलं का?"

मुकादमाला माहीत आहे, मी म्हणाले.

"बाकीच्यांना न्हाय. ते आता कुठं पण इग्वाना दिसला तर मारत्याल."

इग्वाना यांना पुन्हा कुठं दिसणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ते उत्तर नव्हतं. मी तिला स्कूटीवर मागं बस म्हटलं.

तोडीला रविवार नसतो. टोळी कालव्यापलीकडं दुसऱ्या फडात होती. मी बांधावर उभी राहून वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं. काल मारला तो विषारी नव्हता, मी खोटं सांगितलं, ही मुलगी खरं सांगत होती. कोयते थांबले नाहीत, पण सगळ्यांनी ऐकलं. मी चावलेल्या बाईच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. तिनं वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंडी आवळत विचारलं, "म्हंजी खायाला चालला असता?"

"चालला असता," मी म्हणाले. तिच्या हातासाठी इंजेक्शन घ्यायला सोबत येते का, असं तिला विचारलं. दुपारी येते म्हणाली.

मग मुकादमाला सांगितलं, की घोरपड धरणं गुन्हा आहे, ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. या हंगामात शेवटच्या तुकड्यात काहीही निघालं आणि ते जिवंत धरता आलं, तर धरा आणि मला फोन करा, वीस मिनिटांत येते. खिशातून पेन काढून त्याच्या हातातल्या कारखान्याच्या तोडचिठ्ठीच्या मागं माझा नंबर लिहायला लागले.

त्यानं चिठ्ठी मागं ओढली.

"तुमचा नगं, बाई," तो म्हणाला. "हिचा द्या."

मी पेन पोरीच्या हातात दिलं. तिनं आबांच्या घरचा नंबर लिहिला, तो एकदा वाचून तपासला आणि चिठ्ठी त्याला परत दिली.